जात्यावरून तबकडीवर : ‘संसार’ या गाण्याची घडण आणि त्याचे ग्रहण

१

‘बॅलड’ या संज्ञेला मराठी समीक्षेत ‘पोवाडा’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये इतिहासप्रसिद्ध व्यक्तींच्या पोवाड्यांचे संकलन प्रसिद्ध केले आणि १८९४ मध्ये ॲक्वर्थने त्यांतील काहींची इंग्रजी रूपांतरे ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावाने छापली. तेव्हापासून बॅलड म्हणजे डफ-तुणतुण्याच्या साथीने पुरुषांनी उभ्याने गायिलेली वीरगाथा, हे समीकरण पक्के झाले. इंग्रजीत मात्र या संज्ञेचा विस्तार असा एकमार्गी नाही. फ्रान्सिस चाइल्ड याने १८८२ ते १८९८ या काळात जी ३०५ बॅलड्स संपादित केली, त्यांत रणांगणाइतकेच घर आहे : माहेर-सासर, प्रीती, वैर, फसवणूक, मरण. त्यांतील काही महत्त्वाचे पाठ स्त्रियांच्या तोंडून आलेले आहेत. पुढे विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण-व्यवसायाने हाच शब्द संथ लयीच्या, मृदू वाद्यमेळाच्या, एकट्या आवाजात गायिलेल्या आत्मपर गीतासाठी वापरला. मृदू रॉक संगीतातील ‘बॅलड’ ही त्या अर्थांतराची अखेरची पायरी होय.

मराठीत या दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाला स्वतंत्र नाव मिळालेले नाही. ‘भावगीत’ ही संज्ञा जवळची असली तरी ती गीताची मौखिक पूर्वपीठिका सुचवीत नाही. ‘ओवी’ ही संज्ञा पूर्वपीठिका सुचवते, पण ध्वनिमुद्रित गीत तिच्या कक्षेत बसत नाही. संज्ञेचा हा अभाव केवळ पारिभाषिक नाही. जे गाणे जात्यावर घडते, वहीत उतरते, पुस्तकात छापले जाते आणि चित्रपटाच्या तबकडीवरून घरोघर पोचते, त्या गाण्याची संहिता नेमकी कोणती, हा प्रश्न विचारण्याचे साधनच त्यामुळे मराठी समीक्षेच्या हाती राहत नाही. बहिणाबाई चौधरी यांचे ‘संसार’ हे गाणे हा प्रश्न अटळ करते.

२

१८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशविषयक खंड प्रसिद्ध झाला. त्यात नशिराबाद हा खानदेशातील एक तालुका म्हणून नोंदलेला आहे. जळगाव आणि त्याच्या परिसरातील आसोदे ही गावे तेव्हा याच तालुक्यात मोडत. पुढे तालुक्याचे नाव जळगावकडे गेले आणि नशिराबाद हे जळगाव-भुसावळ रस्त्यावरील एक मोठे गाव म्हणून उरले. ज्या वर्षी हा खंड निघाला त्याच वर्षी, २४ ऑगस्ट १८८० रोजी, आसोदे येथील महाजनांच्या घरात बहिणाबाईंचा जन्म झाला. गॅझेटियरने या प्रदेशाचा कापूस, रेल्वे, बाजार, लोकसंख्या हे सारे मोजून ठेवले. पहाटे जात्यावर काय गायिले जाते, याची मोजदाद मात्र त्या व्यवस्थेच्या कल्पनेबाहेर होती. एकाच भूमीच्या दोन नोंदी एकाच वर्षी सुरू झाल्या, असे म्हणता येईल. त्यांतली एक लगेच छापली गेली. दुसरीला बहात्तर वर्षे थांबावे लागले.

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. वयाच्या तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या, तरुण वयात विधवा झाल्या आणि शेत व घर यांच्या कष्टांत त्यांचे आयुष्य गेले. गाणी त्या कामाच्या ओघात रचीत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, आणि एक आप्त यांनी त्यांतील काही टिपून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी हे बाड आचार्य अत्रे यांना दाखवले, आणि हे धन महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे गैर आहे असा आग्रह अत्र्यांनी धरला. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रकाशित झाली. पहिल्या आवृत्तीत ३५ रचना होत्या.

या घडणीत दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. पहिली, मौखिक रचनेचे स्वरूप. आल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) मध्ये दाखवून दिले की मौखिक परंपरेत ‘मूळ पाठ’ आणि ‘पाठभेद’ ही विभागणीच निरर्थक ठरते, कारण प्रत्येक गायन हे एक मूळच असते. जात्यावर गायिलेले ‘संसार’ कोणत्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण झाले, हे विचारणे म्हणूनच अप्रस्तुत आहे. दुसरी गोष्ट, कर्तृत्वाचे स्वरूप. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या आहेत, पण त्यांच्या कर्त्या नाहीत. पुढे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पातून महाराष्ट्रभरातील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. तेथे गाणाऱ्या बायांची नावे नोंदली गेली, तरी ओवी ही एकीची नव्हे, सर्वांची, हीच त्या बायांची भूमिका होती. बहिणाबाईंचे गाणे मात्र आरंभापासून एका व्यक्तीच्या नावाने समाजात आले. मौखिक परंपरेतून आलेली रचना आणि नाममुद्रा असलेली कवयित्री असा हा दुर्मीळ योग आहे.

याच योगामुळे शंकेलाही वाव मिळतो. नोंदकर्ता स्वतः कवी असेल तर नोंद आणि संस्करण यांच्यात रेषा कोठे ओढायची? सर्वसाधारण जात्यावरील ओवीत अक्षरसंख्या लवचीक असते, चरण ताणला वा आखडला जातो. ‘संसार’मध्ये मात्र आठ-आठ अक्षरांचे चार चरण आणि दुसऱ्या-चौथ्या चरणांना यमक, अशी घट्ट बांधणी सर्वत्र दिसते. ही घट्ट बांधणी लेखणीची खूण मानावी असे कोणी म्हणेल. पण आठ अक्षरांचा चरण ही लिखित साहित्याची मक्तेदारी नाही. लहान अभंगाचा तो पायाच आहे, आणि कीर्तन-भजनातून तो खानदेशातील निरक्षर श्रोत्यांच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. छंदाची शिस्त अक्षर वाचता येण्यावर अवलंबून नसते, ती अक्षर ऐकता येण्यावर असते.

रोलाँ बार्त यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि तीन दशकांत ती मराठी चर्चेतही स्थिरावली. बहिणाबाईंच्या बाबतीत या घोषणेचा अर्थ उलटा होतो. ही बाई १९५१ मध्ये गेली आणि १९५२ मध्ये लेखिका झाली. जिला लेखिकापण मृत्यूनंतरच मिळाले, तिच्या संदर्भात लेखकाला पुन्हा मारणे हे सैद्धांतिक धाडस नसून जुन्याच अनामिकतेकडे परतणे ठरते. संहिता सामूहिक आहे हे मान्य करूनही कर्तृत्व व्यक्तीचे आहे असे म्हणण्याची सोय सिद्धान्ताला करून घ्यावी लागेल.

३

छापण्यामुळे गाणे स्थिर झाले, ध्वनिमुद्रणामुळे ते पसरले. १९६१ मध्ये अनंत माने दिग्दर्शित ‘मानिनी’ या चित्रपटात ‘संसार’चा समावेश झाला. वसंत पवार यांनी चाल दिली आणि सुमन कल्याणपूर यांनी ते गायिले. महाराष्ट्रातील बहुसंख्य श्रोत्यांसाठी गाण्याचा पहिला परिचय पुस्तकातून नव्हे, तर या आवाजातून झाला. पुढे यशवंत देव यांच्या संगीतात उत्तरा केळकर यांनी गायिलेल्या बहिणाबाईंच्या रचनांनी ही ओळख आणखी दृढ केली.

मृदू बॅलडच्या घडणीशी तुलना केल्यास या प्रवासाचे वेगळेपण स्पष्ट होते. १९६५ मध्ये बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकेवर आलेले ‘येस्टरडे’ हे या जातीच्या गीतांचे पूर्वसूरी मानले जाते. त्यात चाल आधी सुचली, शब्द नंतर आले, आणि दरम्यान न्याहारीतील अंड्यांविषयीचे तात्पुरते शब्द त्या चालीवर बसवलेले होते, हे सर्वज्ञात आहे. एक आवाज, एक गिटार, चार तंतुवाद्ये असे ते मुद्रण हीच त्या गीताची मूळ संहिता. नंतरची शेकडो गायने ही त्या मुद्रणाची रूपांतरे होत. म्हणजे तेथे तबकडी हा आरंभ आहे. ‘संसार’मध्ये तबकडी हा शेवट आहे. तेथे चाल शब्दाच्या आधी आहे, येथे शब्दांना एकदा हाताच्या कष्टाची लय होती, ती गेल्यावर नवी चाल बहाल झाली. जात्याची लय वर्तुळाकार असते. तिला शेवट नसतो, दळण संपले की गाणे थांबते. तबकडीच्या गाण्याला मुखडा, अंतरे, समारोप आणि ठरावीक मिनिटे लागतात. छापील कवितेतील सगळी कडवी त्यामुळे चित्रपटगीतात येऊ शकत नाहीत, आणि जी येतात त्यांना ‘विकास’ असल्याचा भास संगीतरचना निर्माण करते. मुळात ती एकाच केंद्राभोवती फिरणारी आहेत.

४

या संक्रमणात भाषेचे काय झाले, हा प्रश्न बहुधा हळहळीच्या सुरात विचारला जातो : बोली हरवली. तपशिलात गेल्यास चित्र इतके सरळ नाही.

प्रथम बोलीचे नाव. बहिणाबाईंची भाषा सरसकट ‘अहिराणी’ म्हणून उल्लेखिली जाते. अहिराणीचे मुख्य क्षेत्र धुळे आणि जळगावचा पश्चिम भाग हे आहे. आसोदे, नशिराबाद, भुसावळ, यावल या पूर्व पट्ट्यात लेवा समाजाची बोली प्रचलित आहे, आणि तिचे नाते वऱ्हाडीशी अधिक जवळचे आहे. ‘खानदेश म्हणजे अहिराणी’ हे समीकरण ग्रहणाच्या पहिल्याच टप्प्यावर कवयित्रीचा पत्ता बदलून टाकते.

आता ध्वनी. या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’ येतो आणि ‘ला’ या प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येतो. ‘मिळते’चे ‘मियते’, ‘म्हणू’चे ‘म्हनू’, ‘हाताला’चे ‘हाताले’. तिन्ही बदलांत अक्षरांची संख्या तीच राहते. अष्टाक्षरी छंद केवळ अक्षरे मोजतो, त्यांच्या उच्चाराची चौकशी करीत नाही. म्हणून प्रमाण रूप आत शिरले तरी छंद तक्रार करत नाही. वृत्त जर मात्रांचे असते आणि बदलाने मात्रा हलल्या असत्या, तर कानाला खटका बसला असता. येथे खटका बसत नाही. प्रचलित पाठांत ‘मियते’ आणि ‘मिळते’, ‘ले’ आणि ‘ला’ यांची अदलाबदल कोणाच्याही लक्षात न येता होत राहते, याचे कारण गायकांचा वा मुद्रकांचा निष्काळजीपणा एवढेच नाही. ज्या छंदाने गाणे निरक्षर कंठात टिकवले, तोच छंद बोलीच्या झिजेला मोकळी वाट देतो.

परंतु सर्व ठिकाणी झीज सारखी नाही. ‘संसार’च्या पहिल्या कडव्यातील ‘चुल्ह्यावर’ हा शब्द पाहावा. ‘चुलीवर’ हे प्रमाण रूप तितक्याच अक्षरांचे आहे, यमकालाही ते चालले असते, तरी ते कोणी घातले नाही. त्याच कडव्यात पुढे ‘मियते’ मात्र सहज ‘मिळते’ होते. ‘मन’ या रचनेच्या आरंभीचा ‘वढाय’ हे प्रमाण मराठीतील ‘ओढाळ’चेच बोलीरूप आहे. अक्षरे तीनच. तरीही ‘वढाय’ जसाच्या तसा राहिला. ज्यांनी कधी उभ्या पिकात शिरणारे जनावर हाकलले नाही, असे शहरी श्रोतेही हा शब्द बोलीच्या उच्चारात म्हणतात. याची उपपत्ती सोपी आहे. गाणे ज्या शब्दांनी ओळखले जाते, ते त्याचे नाव बनतात, आणि नाव कोणी दुरुस्त करीत नाही. मुखड्याने बोली राखली, अंतऱ्याने ती सोडली. मुखडा पुनःपुन्हा येतो म्हणून पाठ होतो. अंतरा एकदाच येतो, म्हणून गाणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेकडे झुकतो.

म्हणजेच चित्रपटगीताच्या आकृतिबंधाने बोलीचा नाश केला हे अर्धसत्य आहे. त्याने बोलीचे काही मोजके शब्द समग्र मराठीच्या मालकीचे केले आणि उरलेली बोली, जी क्रियापदांत, प्रत्ययांत, ‘ळ’ आणि ‘य’ यांच्या फरकात जगते, ती निसटू दिली. शब्द हे बोलीचे दागिने असतात, प्रत्यय तिचा कणा. ग्रहणाने दागिने जपले.

५

अर्थाच्या पातळीवरही हीच निवड चाललेली दिसते. ‘संसार’च्या पहिल्या कडव्यात तापलेला तवा, भाजणारे हात आणि मग हाती येणारी भाकर, अशी प्रतिमा आहे. पुढच्या कडव्यांत कवयित्री संसाराला काय म्हणू नये आणि काय म्हणावे, याची मांडामांड करते : तोंडाशी कडू असला तरी पुढे गोड लागणारी काकडी, कठीण कवचाच्या आत गोडंबी राखणारा बिब्बा. एका विधानाचा हा विस्तार नाही. वादीच्या समोर एकामागून एक वस्तू ठेवीत जाणारा हा युक्तिवाद आहे. यातील प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातील किंवा शेतातील, आणि प्रत्येक वस्तूचे ज्ञान हाताने मिळालेले.

ग्रहणात मात्र पहिले कडवे सुटे झाले. ते भाषणांत आले, लग्नसमारंभात आले, पाठ्यपुस्तकांच्या स्वाध्यायांत आले, म्हणीसारखे बोलले जाऊ लागले. सुटे झालेल्या प्रतिमेचा अर्थ बदलतो. युक्तिवादाचा भाग असताना ती अनुभवातून काढलेले अनुमान असते. एकटी उभी राहिली की ती उपदेश होते. ‘मी भाजले, मग मला कळले’ याची जागा ‘तू भाजून घे, मग तुला मिळेल’ याने घेतली. पहिल्यात बोलणारी बाई आहे. दुसऱ्यात बाईशी बोलणारा समाज आहे. बहिणाबाईंचे ‘तत्त्वज्ञान’ म्हणून ज्याचा गौरव झाला, त्यातील बराचसा भाग हा या सर्वनामांतराचा परिणाम आहे. तरुण वयात वैधव्य आलेल्या, शेतात राबलेल्या स्त्रीने संसाराला होकार देणे आणि त्या होकाराचा वापर इतर स्त्रियांना गप्प बसवण्यासाठी होणे, या दोन घटनांत जे अंतर आहे ते समीक्षेने नजरेआड करता कामा नये.

यात मृदू संगीताचा वाटा किती? संथ लय आणि एकट्या स्त्रीकंठाची आर्तता यांमुळे श्रोता स्वाभाविकपणे सहानुभूतीच्या भूमिकेत जातो, युक्तिवाद ऐकण्याच्या नाही. बॅलडचा आधुनिक आकृतिबंध जगभर हेच करतो : गोष्टीतील घटना मागे सारून तो भावस्थिती पुढे आणतो. मराठीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’ने हा आकृतिबंध नव्या पिढीसाठी उघडपणे स्वीकारला. तेथे कवी जिवंत होता, सोबत होता, मुद्रण हेच मूळ होते. भावस्थिती हाच हेतू होता. त्यामुळे तेथे काही हरवल्याचा प्रश्न उद्भवत नाही. ‘संसार’मध्ये भावस्थिती हा हेतू नव्हता. तेथे एक बाई काहीतरी सिद्ध करीत होती.

तरीही चित्रपटगीताला दोष देऊन थांबणे अन्यायाचे होईल. त्या मुद्रणाखेरीज हे गाणे पुस्तकाच्या वाचकांपुरते राहिले असते, आणि ज्यांच्यासाठी ते मुळात घडले त्या, पुस्तक न वाचणाऱ्या, स्त्रियांपर्यंत ते परत पोचलेच नसते. छापलेले गाणे साक्षरांकडे गेले, गायिलेले गाणे निरक्षरांकडे परतले. जळगावच्या एका छापखान्यावर बहिणाबाईंनी रचना केली आहे. कोरा कागद छापला जाऊन शहाणा होतो, या आश्चर्यात कौतुक आणि खोच दोन्ही आहेत. कागदाच्या शहाणपणाला माणसाच्या कंठाची गरज उरतेच, हे त्या निरक्षर कवयित्रीने छापील युगाच्या आतूनच ओळखले होते.

६

संहितेच्या प्रश्नाला आता असे उत्तर देता येईल. ‘संसार’ची मूळ संहिता जात्यावर नाही, कारण तेथे ती कधी एक नव्हती. ती वहीतही नाही, कारण वही ही एका क्षणाची नोंद आहे. तबकडीवर तर ती नाहीच, कारण तबकडीने निवड केली. संहिता या तिन्हींच्या परस्परसंबंधात आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर काय टिकले व काय गळले याचा हिशेब हा तिच्या अर्थाचाच भाग आहे. संशोधकाने पाठभेद नोंदवताना केवळ हस्तलिखित आणि आवृत्त्या पाहून चालणार नाही. गायिलेले पाठही पुराव्याच्या दर्जाचे मानावे लागतील, आणि कोणत्या चरणात ‘य’चा ‘ळ’ झाला, याची नोंद ऱ्हस्व-दीर्घाच्या नोंदीइतकीच काटेकोरपणे घ्यावी लागेल.

जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. निरक्षर स्त्रीच्या नावाने विद्यापीठ असणे ही घटना प्रतीक म्हणून मोठी आहे. परंतु मुखड्याचा आणि अंतऱ्याचा नियम येथेही लागू होतो. नाव हा मुखडा आहे, तो सर्वांना पाठ असतो. आसोदे आणि नशिराबादच्या घरांतून आजही बोलल्या जाणाऱ्या ‘ले’ आणि ‘य’ यांचा व्याकरणासह, ध्वनिमुद्रणासह, पाठचिकित्सेसह अभ्यास हा अंतरा आहे. तो गायिला गेला नाही, तर गाण्याचे नाव तेवढे उरेल.